डुकराचे चाप आणि मागची भिंत

फुकटात काही मिळत असलं की ते आपल्याला कशाला लागतं, हा प्रश्न माझ्या नवऱ्याला पडत नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला आहे. तिथला एक परदेशी इंजिनियर मुदत संपवून मायदेशी निघाला आणि त्यानं घरातलं सामान कामावरच्या लोकांना वाटून टाकलं. कुणी टीव्ही नेला, कुणी मायक्रोवेव्ह, एकानं तर खिडक्यांचे पडदे उतरवून नेले. नवरा सवयीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी पोहोचला आणि उरलेलं एक लांबट, जड भांडं बगलेत मारून घरी आला. आत चिनी मातीचं काळं पातेलं, बाहेर विजेवर तापणारं आवरण, वर काचेचं झाकण.

"स्लो कुकर आहे," तो म्हणाला. "सकाळी टाकायचं, संध्याकाळी खायचं."

"मंग दिवसभर काय करायचं?" आत्यांनी विचारलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे.

"काही नाही. फक्त झाकण उघडायचं नाही."

"ह्यो काय सैपाक झाला व्हय?" असं म्हणून आत्यांनी त्या भांड्याकडं पाठ फिरवली.

पण नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. त्या इंजिनियरनं त्याला एकदा याच भांड्यात शिजवलेले डुकराचे चाप खाऊ घातले होते. चाप म्हणजे बरगडीचे हाडासकट जाड तुकडे. मांस हाडावरून आपसूक सुटून येतं, नुसत्या जिभेनं दाबलं तरी विरघळतं, असं तो सांगत होता. मी काही फार लक्ष देत नव्हते. मग तो हळूच म्हणाला, "आईला दाताशिवाय खाता येईल." मी पहिल्यांदाच त्या भांड्याकडं नीट बघितलं.

आत्यांची कवळी कधी नीट बसलीच नाही. ती डबीत राहते आणि आत्या वरणात भाकरी कुस्करून खातात. एकेकाळी हीच बाई हाडं फोडून खायची. सोयगावकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीत त्या वाढल्या. तिथं डुक्कर कापलं की सणच. पुरुष माणसं अंगणात तीन दगड मांडून सागुती शिजवायची, त्याचं पातेलं वेगळं असायचं आणि ते घरात यायचं नाही. तेल लागायचं नाही, चरबीच इतकी सुटायची. हे सांगताना आत्यांचा आवाज अजूनही बदलतो. मी शहरात वाढले. माझ्या माहेरी मटण, मासे, सगळं चालायचं, पण डुकराचं नाव काढलं की वडील म्हणायचे, लोक काय म्हणतील. त्यामुळं मला त्याची चव फारशी नाही आणि तिटकाराही नाही.

सिडकोतल्या या रो-हाऊसमध्ये आल्यापासून मात्र ते घरात कधीच शिजलं नव्हतं. ही बंदी खुद्द आत्यांनी घातलेली, आणि तिचं कारण होतं शेजारची आपा.

आपाचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून उभं. मागं दोन्ही घरांची छोटी अंगणं, मध्ये छातीएवढी भिंत. आपाचा नवरा वारला आहे, मुलगा आखातात नोकरीला. वयानं ती माझ्या आणि आत्यांच्या मधली. मी शाळेत शिकवते, सकाळी घर सोडते ते दुपार टळल्यावर येते. नवऱ्याच्या पाळ्या बदलत असतात. मधल्या वेळात आत्यांची सगळी भिस्त आपावर. आमच्या घराची किल्ली तिच्याकडं असते. दुपारी ती येते, आत्यांना रक्तदाबाची गोळी देते, मग आत्या चहा टाकतात आणि दोघी बसतात. आत्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी रजा संपवून कामावर गेले ती केवळ आपाच्या जिवावर. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिनं केलं आहे.

आणि त्या मागच्या भिंतीवरून वाट्यांची ये-जा. तिच्याकडून शीरखुर्मा, दालचा, खिमा येणार. आमच्याकडून पातोडीचा रस्सा, धपाटे, मेथीची डाळभाजी जाणार. आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे दोन्ही घरांत न सांगता पाळलेलं. आमच्या भांड्यातलं ती निर्धास्त खायची, कारण आमच्याकडं काय शिजतं ते तिला ठाऊक होतं. आत्या म्हणायच्या, "तिच्या भरवशाला धक्का नगं. मला काय, खाल्लं ते लई झालं."

म्हणून नवऱ्यानं चापाचं काढलं तेव्हा मीच आत्यांना विचारलं. त्यांनी बराच वेळ साडीचा पदर चाचपला. मग म्हणाल्या, "त्याचं भांडं तर येगळंच हाय की. घरातल्या भांड्याला लागू देऊ नका. आन् घरात नाय शिजवायचं, अंगणात शिजवा."

झालं, शास्त्रार्थ निघाला. भांडं वेगळं, जागा वेगळी, आता आपाचं काय बिघडणार? शिवाय हा कुकर म्हणजे ना शिट्टी, ना फोडणी, ना धूर. कुणाला कळणारसुद्धा नाही. आमच्या तिघांच्या अकलेचं हे जे काही पीक आलं होतं, त्याची आठवण झाली की मला आजही हसू येतं आणि रागही.

रविवारी सकाळीच नवरा छावणीकडच्या दुकानातून चाप घेऊन आला. जाड, गुलाबी, कडेला बोटभर पांढऱ्या चरबीची किनार. त्यांना मी आलं-लसूण, हळद, मीठ आणि आत्यांनी केलेला काळा मसाला चोळला. ते ताटही मी जुनं, टाकायला काढलेलं घेतलं. कांदे उभे चिरून तळाला पसरले, त्यावर चाप ओळीनं लावले, वर थोडं चिंचेचं पाणी. "पाणी घालायचं नाही, त्याचं त्यालाच सुटतं," नवरा डोक्याशी उभा राहून सांगत होता. मग भांडं मागच्या अंगणात नेलं. उन्हापासून आडोसा एका ठिकाणीच होता, मागच्या भिंतीच्या कडेला, पत्र्याखाली. एक्स्टेन्शन बोर्ड तिथवर पुरला. बटण फिरवलं आणि छोटा लाल दिवा लागला.

आत्या तिथंच खुर्ची टाकून बसल्या. काहीच होईना. जाळ नाही, रटरट नाही, वाफसुद्धा धड नाही. "बंद हाय रे हे," त्या म्हणाल्या आणि झाकण उचललं. नवरा ओरडला, "आई, झाकण काढलं की सगळी ऊब जाते, परत पहिल्यापासून!" थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा उचललं. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाईनं शिजतं अन्न न हलवता बसायचं, म्हणजे मला वर्गात तोंड शिवून बसवण्यासारखंच. दुपारी वीज गेली आणि चांगली तासभर आली नाही. आत्यांनी भांड्याला जुनी गोधडी गुंडाळली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. निदान काहीतरी करायला मिळालं.

वीज आल्यावर मात्र त्या भांड्याला कंठ फुटला. आवाज नव्हताच, वास होता. कांदा विरघळत आलेला, काळा मसाला चरबीत मुरलेला. फोडणीचा वास येतो आणि जातो. हा गेलाच नाही. सगळ्या अंगणात भरून राहिला. पुरुष माणसं ज्यांत शिजवायची ती खेड्यातली अंगणं केवढी मोठी असायची, याचा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नव्हता. आम्ही ते भांडं आपाच्या उशाशीच नेऊन ठेवलं होतं.

उन्हं कलल्यावर मी दोरीवरचे कपडे काढत होते. भिंतीपलीकडून आपाचं डोकं वर आलं.

"क्या पकारे टीचर? दोपहर से खुशबू आरी. मेरे कने तो आज खाली दाल है." आणि तिनं हसत रिकामी वाटी भिंतीवरून पुढं केली. "थोडा मेरेकू बी देव."

माझ्या हातात अर्धवट वाळलेला टॉवेल होता. खुर्चीत आत्या आणि त्यांच्या शेजारी ते भांडं. नवरा दारात. त्याच्याकडं न बघताही मला कळलं की तो डोळ्यांनी काहीतरी खुणावतो आहे. मटण आहे आपा, पण अजून कच्चं आहे, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मीठ जास्त झालंय, तिखट झालंय, संपलंय, काहीही. आपानं बिचारीनं उलटतपासणी केली नसती. पण ती वाटी पुढं होती आणि त्या हातानं माझ्या सासूला न्हाऊ घातलं होतं. त्या हातापुढं मला खोटं सुचेना.

"आपा, ये तुम्हारे लिए नहीं है," मी म्हणाले. "सूवर का है."

वाटी तिथंच राहिली. आपाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, त्याला कुठं जावं ते कळत नव्हतं. "अच्छा," ती म्हणाली. मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणाली, "ये कुकर नया है क्या?"

"हो. यांच्या कामावरून आलाय."

"अच्छा है," म्हणून तिनं वाटी मागं घेतली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या भिंतीवरून रिकामी परत गेलेली ती पहिली वाटी.

"सांगायची काय गरज होती?" नवरा म्हणाला. "संपलं म्हणायचं. तिलाही बरं, आपल्यालाही बरं."

"तुमचं तुम्ही बोलायचं होतं मग. दारात उभं राहून डोळे कसले मारत होता?" मी टॉवेल त्याच्या अंगावर फेकला.

रात्रीच्या जेवणाला चाप वाढले. नवऱ्याचं म्हणणं खरं होतं. हाड धरून उचललं तर नुसतं हाडच हातात आलं, मांस ताटात राहिलं. आत्यांनी पहिला घास तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. हिरड्यांनी हळूहळू चघळत त्या किती तरी वेळ एकाच घासावर होत्या. "चरबी बराबर सुटली," एवढंच म्हणाल्या. त्यांनी पोटभर खाल्लं, ते बघून मला बरं वाटलं. मी मात्र दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले ते आत्यांना विचारतच. "आपा आली होती?"

"आल्ती की. गोळी देल्ली."

"आणि चहा?"

"नगं म्हन्ली. पोट बरं नाय म्हन्ली."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिचं पोट बरं नव्हतं. त्यानंतर उपास निघाला. आपा वेळेवर येत होती, गोळी देत होती, आत्यांच्या पायांना तेल लावत होती. पण आमच्या कपातला चहा तिच्या ओठाला लागत नव्हता. भिंतीवरून वाटी येणं बंद. मी धपाटे केले आणि ते पाठवायचा धीर झाला नाही. डब्यातून नवऱ्याच्या कंपनीत गेले.

आधी मला वाईट वाटलं, मग माझा स्वभाव जागा झाला. मी फटकळ आहे, मनातल्या मनात तर फारच. वेगळं भांडं, वेगळी जागा, सगळं करूनही हिला आमचा कप चालत नाही? आमच्या लोकांपुढं नाकाला पदर लावणारी माणसं आम्ही काय कमी पाहिली? तू येतेस, माझ्या सासूचे पाय चेपतेस, आणि तिच्या हातचा चहा तुला नको? स्वयंपाकघरात भांडी आदळत मी हे सगळं आपाला ऐकवायची. भिंत एकच असल्यानं थोडं तिला ऐकूही गेलं असावं.  दुपारी दोन कप मांडायची आत्यांची सवय सुटली नव्हती. एक कप भरायच्या आणि दुसरा पुसून परत ठेवायच्या. शाळेतून आल्यावर तो कोरडा कप मला बघवत नसे.

खरं सांगायचं तर माझ्या रागाखाली भीती होती. चहा आज बंद झाला, उद्या येणं बंद होईल. मग आत्यांना एकटीला कोण बघणार, हा एक भाग. पण नुसतं तेवढंच नव्हतं. या शहरात मला हक्कानं "टीचर, उठो, चाय पिलाव" म्हणणारं दुसरं कोण होतं? मला माझी आपा हवी होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आपा पुढच्या दारानं आली. तिच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं. ते तिनं ओट्यावर सोडलं. एक नवं स्टीलचं पातेलं, झाकण, पळी, आणि निळ्या फुलांचा एक कप.

"ये मेरे बर्तन है टीचर," ती म्हणाली. "तुमारे घर में रहने देव. मेरेकू कुछ बनाए तो इसमेंच बनाव. चाय बी इसमें देव."

माझं तोंड कडू झालं. वेगळा कप! माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर. तो उचलून तिच्या हातात परत द्यावा, इतका संताप आला. मी तोंड उघडणार इतक्यात आत्या भिंतीचा आधार घेत आत आल्या. त्यांनी कप हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"आमच्या गावच्या हाटेलात आमचा कप येगळा असायचा," त्या आपाला म्हणाल्या. "भाईर, खिळ्याला टांगलेला. कान तुटका. आपणच घ्यायचा, मालक वरून च्या वतायचा, आन् पिऊन झाल्यावर आपणच धुऊन टांगायचा. मी बापासंगं जायची. लई वर्षं त्या कपात च्या पेली."

आपाचा चेहरा उतरला. तिला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. "या अल्ला," ती म्हणाली. "नै अम्मा, मैं वैसा नै लाई. मेरेकू मालूम नै था. लेके जाती मैं." तिनं घाईघाईनं कापड पसरलं आणि पातेलं उचलायला गेली.

आत्यांनी तिचा हात धरला. "ठिव तिथं," त्या म्हणाल्या. "ऐक. त्यो कप त्याहीनं टांगला व्हता आमच्याशी शिवाशिव नगं म्हनून. तू ह्यो आनला मह्या हातचं प्यायचं म्हनून. मला काय कळत नाय व्हय?"

 आपा रडायला लागली आणि आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. ज्या बाईनं तो तुटका कप धुतला होता तिला यात अपमान दिसला नव्हता, आणि मी मात्र तिच्या वतीनं आठवडाभर भांडी आदळत होते. मला माझी लाज वाटली, आणि आत्यांचा फार फार अभिमान वाटला.

आत्यांनी त्या निळ्या फुलांच्या कपात चहा ओतला. आपानं तो दोन्ही हातांत धरून प्यायला. मी पातेलं फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि मग मला राहवलं नाही.

"पण आपा, तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं. "तुम्ही घरी गेल्यावर आम्ही यात काय शिजवतो ते तुम्ही थोडंच बघायला येणार आहात? आणि आजवर आमच्याकडचं खाल्लंत, त्या भांड्यांचं काय?"

"वोइच सोचती थी मैं इत्ते दिन," ती म्हणाली. लपवाछपवी तिच्याही स्वभावात नाही. "नींद नै आती थी. इत्ते सालों का क्या क्या खाई होंगी मैं, करके. घर के बर्तन तक गिन के देखी, कौनसा कौनसा इधर आया था." तिनं कप खाली ठेवला. "फिर मेरेकू वो दिन याद आया टीचर. मैं कटोरी लेके खडी थी. मेरेकू क्या समझता? तुम डाल देते तो मैं बिस्मिल्ला करके खा लेती, हड्डी चूस के तारीफ करती, और मरते दम तक मेरेकू मालूम नै पडता. पर तुम सच बोल दिए, अब देखने कू कायकू आना?"